नोझलवर आकडा लिहा

माझ्या टेबलावर २०२२ च्या उन्हाळ्यापासून एक पिस्टन पडून आहे. बेळगावच्या उद्यमबागेत माझं छोटं मशीन शॉप आहे. ब्लॉक बोअर करणं, हेड फेसिंग, क्रँक ग्राइंडिंग ही आमची रोजची कामं. उसाच्या ट्रॉल्या ओढून दमलेले ट्रॅक्टर, टिपर, वीस-वीस वर्षं चाललेल्या जीपगाड्या, सगळ्यांचे पिस्टन या हातांनी काढलेत. ते झिजून संपलेले असतात. हा झिजलेला नव्हता. स्कर्टवरचं काळं कोटिंग जसंच्या तसं होतं, सिलिंडरमधल्या होनिंगच्या तिरक्या रेघा अजून स्पष्ट दिसत होत्या. पण पहिल्या आणि दुसऱ्या रिंगेच्या मधली कड एका बाजूला पेराएवढी तुटून पडली होती आणि माथ्याच्या काठाला उंदरानं कुरतडल्यासारखे बारीक बारीक खड्डे होते.

गाडी दोन दारांची, टर्बो पेट्रोल, म्हणजे पंख्यानं जादा हवा कोंबणाऱ्या इंजिनाची, पुण्याहून सेकंडहँड आणलेली. मुलगा तिशीच्या आतला. त्यानं हौसेनं इंजिनाच्या कॉम्प्युटरची फाइल बदलून घेतली होती. रीमॅप म्हणतात त्याला. फाइल अमेरिकेची. तिच्यावर लिहिलं होतं, ९१ ऑक्टेनसाठी. इंजिनात अवेळी न भडकण्याची पेट्रोलची सहनशक्ती सांगणारा हा आकडा. आपल्याकडचं साधं पेट्रोल त्या वेळी ९१ चंच होतं. त्यानं इथेही ९१ पाहिलं, तिथेही ९१ पाहिलं आणि बिनघोर साधं पेट्रोल भरून चोर्ला घाट चढत राहिला.

"काका, आकडा जुळवूनच घातलं होतं की," तो म्हणाला. खोटं बोलत नव्हता. चार पिस्टनपैकी दोन गेले होते.

हे दोन ९१ एकमेकांचे कुणी लागत नाहीत. ऑक्टेन मोजायच्या दोन पद्धती आहेत. एकीला रिसर्च म्हणतात, तिचा आकडा रॉन. दुसरी मोटर पद्धत, तिचा आकडा मॉन. दोन्ही चाचण्या एका सिलिंडरच्या, चालू असताना कॉम्प्रेशन, म्हणजे हवा-पेट्रोलचं मिश्रण दाबण्याचं प्रमाण, कमी-जास्त करता येणाऱ्या खास इंजिनावर होतात. रिसर्चला ते मिनिटाला ६०० फेऱ्यांवर चालवतात. मोटरला ९०० फेऱ्यांवर, मिश्रण जास्त तापवून. म्हणून त्याच पेट्रोलचा मॉन नेहमी कमी येतो. भारतात आणि युरोपात रॉन सांगतात. अमेरिकेत दोन्हींची बेरीज करून निम्मी करतात आणि तो आकडा पंपावर लावतात. त्यामुळे अमेरिकेचं ९१ म्हणजे आपल्या हिशेबात ९५-९६ पडतं, आणि आपलं ९१ म्हणजे त्यांच्याकडचं सगळ्यांत साधं ८७. त्या फाइलनं मागितलं होतं त्यापेक्षा चार-पाच आकड्यांनी हलकं पेट्रोल हा मुलगा महिनोन् महिने भरत होता, आणि त्याला सावध करणारा एक शब्द त्या पंपाच्या मशीनवर कुठे नव्हता.

स्पोर्ट्‌स कारला साधं घालावं की जास्त ऑक्टेनचं, हा प्रश्न मला आठवड्यातून दोनदा तरी विचारला जातो. बेळगावात आता अशा गाड्या दिसतात. रविवारी पहाटे गोव्याकडे निघालेली पोरं जांबोटीजवळ चहाला थांबलेली असतात. माझं उत्तर ठरलेलं आहे. टाकीचं झाकण उघडा, आतल्या बाजूला जो आकडा लिहिलाय त्याच्या खाली जाऊ नका, आणि त्याच्या वर जाण्यासाठी फुकट पैसे घालू नका. पण हे उत्तर अर्धं आहे. झाकणावर आकडा असून भागत नाही. तो ज्याच्याशी जुळवायचा, तो आकडा नोझलवरही हवा. आपल्याकडे नोझलवर नाव असतं. पॉवर, स्पीड, एक्सपी. नावाच्या शेपटाला कधी आकडा असतो, कधी नसतो. साध्या पेट्रोलला तर तोही नसतो.

ऑक्टेन म्हणजे ताकद हा समज आधी काढून टाकायला हवा, कारण सगळा घोळ तिथून सुरू होतो. स्पार्क पडला की ज्योत प्लगपासून कडेकडे पसरत जाते. पसरता पसरता ती पुढचं न जळलेलं मिश्रण दाबते आणि तापवते. ज्योत तिथवर पोचायच्या आत ते मिश्रण आपणहून भडकलं, की पिस्टनच्या काठावर दाबाचा हातोडा बसतो. याला नॉकिंग म्हणतात. असं अवेळी न भडकण्याची इंधनाची सहनशक्ती म्हणजे ऑक्टेन. मोजपट्टी १९२० च्या दशकात ग्रॅहॅम एडगर या रसायनशास्त्रज्ञानं बसवली: आयसोऑक्टेनला १००, सहज ठोकणाऱ्या हेप्टेनला शून्य. तुमचं पेट्रोल या दोघांच्या ज्या मिश्रणासारखं वागतं, तो त्याचा आकडा. एका लिटरमध्ये उष्णता किती भरली आहे, हे या आकड्यात कुठेच येत नाही.

जुन्या कार्बोरेटरच्या गाडीला चढावर टॉप गिअरमध्ये दाबलं की आवाज यायचा, पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखा. आमचे जुने मिस्त्री लांबूनच म्हणायचे, "ठोकतीय बघ, टायमिंग मागं घे," आणि स्पार्क थोडा उशिरा पडावा म्हणून डिस्ट्रिब्यूटरचा बोल्ट ढिला करून तो सुतभर फिरवायचे. आता ब्लॉकवर नॉक सेन्सर असतो. पहिला ठोका त्याला जाणवतो, कॉम्प्युटर स्पार्क मागे घेतो आणि गाडी शांतपणे कमी ताकदीनं चालत राहते. ड्रायव्हरला काही ऐकू येत नाही. एकदा मी त्याच जातीच्या, फाइल न बदललेल्या गाडीला स्कॅनर लावून घाट चढताना शेजारी बसलो होतो. झाकणावर ९५ लिहिलेलं, टाकीत ९१ चं. तिसऱ्या गिअरला, इंजिन दोन हजार फेऱ्यांच्या आसपास असताना त्यानं पाय दाबला आणि पडद्यावर टायमिंग झर्रकन चार-पाच अंश मागे सरकलं. पैसे देऊन घेतलेली ताकद इंजिन स्वतःच्या जिवासाठी परत करत होतं. एवढ्यावर निभावलं, कारण कंपनीच्या फाइलमध्ये मागे सरकायला जागा ठेवलेली असते. माझ्या टेबलावरच्या पिस्टनच्या गाडीत ती जागा रीमॅपवाल्यानं आधीच वापरून टाकली होती.

म्हणून ज्याच्या झाकणावर किमान ९५ आहे त्यानं ९५ च्या खाली जाऊ नये. कॉम्प्रेशन जास्त असेल किंवा टर्बो हवा कोंबत असेल, तर सिलिंडरमधला दाब मोठा असतो आणि हलकं पेट्रोल तिथे टिकत नाही. युरोपातल्या बऱ्याच वेगवान गाड्यांवर दोन आकडे असतात, एक किमान आणि एक शिफारस केलेला. किमानवर इंजिन सुरक्षित राहतं. कागदावरची पूर्ण ताकद शिफारशीच्या आकड्यावर मिळते. चाळीस-पन्नास लाखांची गाडी घेऊन लिटरमागे सात-आठ रुपये वाचवणं हा हिशेबच चुकीचा आहे. पंचेचाळीस लिटरच्या टाकीला साडेतीनशे रुपये वाचतात. हेड उघडायला लागलं तर काय खर्च येतो, हे मी इथे लिहीत नाही. ज्यानं दिलाय त्याला विचारा.

उलट बाजूची लूट मात्र जास्त माणसांची होते. ११० सीसीची स्कूटर, ९१ वर बेतलेली. मालक पंपावर उभा. "प्रीमियम घालू काय? पिकअप चांगला येतो," असं मुलगा विचारतो, आणि पुष्कळदा न विचारताच नोझल उचललेलं असतं. माझ्या बहिणीच्या स्कूटरमध्ये असंच घातलं गेलं. तिला पावती बघितल्यावर कळलं. त्या इंजिनात ठोकायला कारणच नाही, त्यामुळे टायमिंग पुढे न्यायला वाव नाही, त्यामुळे एक कणभर फरक पडत नाही. प्रीमियममध्ये साफसफाईची रसायनं असतात हे खरं, आणि पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्टरला त्यांचा थोडा उपयोग आहे. पण आजच्या पुष्कळ टर्बो गाड्यांत पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं, इनटेक व्हॉल्व्हवरून ते वाहतच नाही. तिथे पेट्रोलमधलं रसायन व्हॉल्व्ह साफ करतं म्हणणं म्हणजे न लागलेल्या पाण्यानं भांडं धुतलं म्हणण्यासारखं आहे.

आपल्या भागाची एक गोष्ट या चर्चेत कुणी आणत नाही, ती उंचीची. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटरवर आहे. इथे हवेचा दाब समुद्रकाठापेक्षा आठ-नऊ टक्क्यांनी कमी. टर्बो नसलेलं इंजिन इथे तेवढी हवा कमी ओढतं, म्हणून ठोकतंही कमी. अमेरिकेतल्या डोंगराळ राज्यांत याच कारणानं साधं पेट्रोल आणखी हलकं, ८५ चं विकण्याची जुनी पद्धत आहे. पण टर्बो ही कमतरता स्वतः भरून काढतो, त्यामुळे टर्बोवाल्यांना उंचीची सवलत फारशी मिळत नाही. आणि इथली पोरं गाडी घेऊन जातात कुठे? चोर्ल्यातून खाली, गोव्याला. उन्हाळ्याचा उकाडा, दाट हवा, आणि परतताना सलग चढ. इथे "आमच्या गाडीला चालतं की" म्हणून जे पेट्रोल पास झालं, त्याची खरी परीक्षा खाली उतरल्यावर सुरू होते.

गोव्यात पेट्रोल स्वस्त, म्हणून येताना टाकी फुल्ल करून यायची आपली सवय जुनी आहे. निपाणीकडे कोगनोळीच्या आसपास कागल-कोल्हापूरची माणसं कर्नाटकाचा भाव बघून गाडी वळवतात. २०२४ च्या जूनमध्ये कर्नाटकानं पेट्रोलवरचा विक्रीकर २५.९२ वरून २९.८४ टक्के केला, लिटरमागे तीन रुपये वाढले, तेव्हा चार दिवस गावात दुसरा विषय नव्हता. सीमेवरच्या माणसाला तीन राज्यांचे भाव पैशांसकट तोंडपाठ असतात. याच माणसाला आपण काय भरतो त्याचा ऑक्टेन विचारला तर तो गप्प होतो. दोष त्याचा नाही. भाव मोठ्या अक्षरांत लिहिलेला असतो. मागे एका पंपावर मी मशीनजवळच्या मुलाला विचारलं, साध्यात ऑक्टेन किती? त्यानं वर पाहिलं आणि म्हणाला, "एकशे दोन." तो भावाचा बोर्ड वाचत होता. पोरगं प्रामाणिक होतं, कामाला नवीन होतं. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

आता खरा गुंता. साधं पेट्रोल ९१ चं, हे मी वर लिहिलं ते तेव्हाचं. २०२० च्या १ एप्रिलपासून बीएस-सहा हे धुराचं आणि इंधनाचं नवं मानक आलं, २०२२ मध्ये देशभर १० टक्के इथेनॉल झालं आणि २०२५ मध्ये २० टक्के. इथेनॉलचा स्वतःचा रॉन १०८ च्या आसपास. २०२५ च्या ऑगस्टमध्ये पेट्रोलियम मंत्रालयानं सांगितलं की २० टक्के मिश्रणामुळे आपलं साधं पेट्रोल ९१ वरून ९५ रॉनला गेलं आहे. हे खरं असेल, आणि भारतीय मानक ब्युरोच्या २० टक्के मिश्रणाच्या मानकातही किमान ९५ च आहे, तर स्पोर्ट्‌स कारवाल्याचा सगळा हिशेब बदलतो. ज्याच्या झाकणावर ९५ आहे त्याला साधं पुरतं. मग ९५ नाव लावलेल्या प्रीमियमसाठी तो जे जास्त देतो ते फक्त रसायनांचे. ९७, ९९, १०० लागणाऱ्या थोड्या गाड्या उरतात. शंभरचं पेट्रोल इंडियन ऑइलनं २०२० च्या डिसेंबरात निवडक शहरांत आणलं तेव्हा दिल्लीत त्याचा भाव लिटरला १६० रुपये होता.

एवढी मोठी गोष्ट झाली आणि मशीनवर काहीच बदललं नाही. कालपर्यंत ९१ होतं तेच नोझल, तेच रंग, तीच नावं. गिऱ्हाइकानं मंत्रालयाचं पत्रक वाचून टाकी भरावी अशी अपेक्षा आहे का?

मी इथेनॉलच्या विरोधात नाही, आणि बेळगाव जिल्ह्यात राहून असेनही कसा? संकेश्वर, उगार, चिकोडी, अथणी, निपाणी, कुठेही जा, गळिताच्या हंगामात मळीचा वास नाकात बसतो. आमच्या नात्यातलीच दहा घरं उसावर आहेत. २०२५ च्या नोव्हेंबरात गुर्लापूर क्रॉसवर शेतकरी टनाला साडेतीन हजार मागत रस्त्यावर बसले होते. कारखान्याच्या इथेनॉलच्या कमाईत ऊस पिकवणाऱ्याचा वाटा किती, हा प्रश्न तिथे उघड बोलला जात होता. इंजिनाच्या बाजूनंही इथेनॉलचा मोठा गुण आहे. वाफ होताना ते पेट्रोलपेक्षा कितीतरी जास्त उष्णता शोषतं, सिलिंडर थंड ठेवतं. टर्बो इंजिनाला हे मानवतं. ऑक्टेन वाढवण्यासाठी १९२१ नंतर जगानं पेट्रोलमध्ये शिसं घातलं आणि मुलांच्या रक्तात ते उतरलं. भारतात शिशाचं पेट्रोल २००० साली थांबलं. त्या विषाच्या जागी आपल्या शेतातला ऊस आणि मका आला, याचा मला आनंदच आहे.

पण त्याच इथेनॉलच्या एका लिटरमध्ये पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांशच ऊर्जा असते. ऑक्टेनचा आकडा वर जातो आणि ॲव्हरेज खाली येतं. नीती आयोगाच्या समितीनं २०२१ च्या अहवालातच लिहून ठेवलं होतं की २० टक्क्यांसाठी जुळवलेल्या नव्या चारचाकींचं ॲव्हरेज एक-दोन टक्के, आणि बिनइथेनॉलच्या पेट्रोलसाठी बनलेल्या जुन्या चारचाकींचं सहा-सात टक्क्यांपर्यंत घटेल. जुन्या परदेशी गाडीच्या, इथेनॉलपुढे न टिकणाऱ्या रबरी नळ्यांचा प्रश्न वेगळा. आणि आपल्या पावसाचा आणखी वेगळा. खानापूर-जांबोटीच्या पट्ट्यात चार महिने झड लागते, हौशी गाडी कव्हर घालून उभी असते, टाकी अर्धी रिकामी. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. पाणी ठरावीक मर्यादेपुढे गेलं की इथेनॉल पाण्यासकट तळाला बसतं, आणि वर जे पेट्रोल उरतं त्याचा ऑक्टेन पडलेला असतो. पंप इंधन उचलतो तळातून. दसऱ्याला गाडी काढली आणि झटके देतेय, अशी गाडी आली की आम्ही आधी टाकी मोकळी करतो. ज्याची गाडी अशी उभी राहते त्याला आपल्या टाकीत किती टक्के इथेनॉल आहे हे कळायलाच हवं. कुठलं महागडं पेट्रोल बिनइथेनॉलचं, कुठलं नाही, यावर आज पैजा लागतात. पैज लावावी लागते, कारण कुठे लिहिलेलं नाही.

कुणी म्हणेल, शंका असेल तर तपासून घ्या. काय तपासणार? फिल्टर पेपरवर थेंब टाकून बघण्याचा हक्क आपल्याला आहे, घनता बघण्याचा आहे, पाच लिटरच्या मापानं माप बघण्याचा आहे. यातल्या कशानंही ऑक्टेन कळत नाही. तो त्या एका सिलिंडरच्या इंजिनावरच कळतो, आणि ते इंजिन प्रयोगशाळेत असतं. जी गोष्ट गिऱ्हाइकाला डोळ्यांनी, नाकानं, मापानं कळूच शकत नाही, ती विकणाऱ्यानं लिहून द्यावी, हा साधा व्यवहार आहे. औषधाच्या पट्टीवर आपण तो मागतो. खताच्या पोत्यावर नत्र-स्फुरद-पालाशचे आकडे असतात आणि न शिकलेला शेतकरीही ते बरोबर वाचतो. अमेरिकेत कित्येक दशकं प्रत्येक मशीनवर पिवळा स्टिकर आणि काळा आकडा असतो. युरोपात २०१८ पासून नोझलवर गोलात इथेनॉलचा आकडा आणि तोच गोल नव्या गाडीच्या झाकणापाशी. डोळ्यांनी जुळवा आणि भरा. आपल्याकडे नव्या गाड्यांच्या झाकणापाशी २० टक्के इथेनॉलचे स्टिकर दिसायला लागलेत. गाडीनं आपली बाजू सांगितली. पंपानं अजून सांगितलेली नाही.

कंपन्यांची अडचण मला कळते. साध्यावर ९५ लिहिलं तर ९५ च्या प्रीमियमचा खप पडेल, ही भीती खोटी नाही. पण खप माहितीच्या अभावावर चालत असेल तर तो पडावाच. ज्यांना रसायनं हवीत ते रसायनांसाठी घेतील. आणि ज्याला खरोखर ९७-९९ लागतं तो गिऱ्हाईक उलट वाढेल, कारण आज त्यालाही खात्री नाही.

आपल्या भागात कुठलीही पाटी म्हटली की ती कानडीत किती आणि मराठीत किती, हा वाद उभा राहतो. तो वाद माझ्याही जिव्हाळ्याचा आहे आणि मी त्यात कुठे उभा आहे हे ओळखीच्यांना ठाऊक आहे. पण या मागणीत तो आड यायचं कारण नाही. ९५ आणि २० हे आकडे हुक्केरीचा कानडी ट्रॅक्टरवाला वाचतो आणि येळ्ळूरचा मराठी स्कूटरवालाही वाचतो. हे दोघे एकाच पंपावर, एकाच रांगेत उभे असतात आणि दोघांची फसगत एकाच नोझलनं होते. ग्राहक पंचायतीनं, आमच्या उद्योजकांच्या संघटनांनी, दोन्ही भाषांतल्या वर्तमानपत्रांनी हे एकत्र मागावं.

मागणी एवढीच आहे: प्रत्येक नोझलच्या वर, भावाच्या आकड्याएवढ्याच मोठ्या अक्षरांत, रॉन किती आणि इथेनॉल किती. साध्यावर आधी, प्रीमियमवर नंतर. रॉन हा शब्द आकड्याला चिकटलेला हवा, म्हणजे अमेरिकेच्या फाइलवरचं ९१ आणि आपलं ९१ पुन्हा कुणी एक समजणार नाही. वजनमाप खात्याची माणसं मशीनला सील मारायला दर वर्षी येतातच. लिटर बरोबर पडतं का ते बघताना त्याच्या वरचा स्टिकर जागेवर आहे का, तेही त्याच फेरीत बघता येईल.